राज्यपालांना रिटर्न तिकीट नको

आमच्या शेजारची मुलगी तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिच्या घरी संध्याकाळी सात ते दहा मालिका चालतात, म्हणून ती पुस्तकं घेऊन माझ्या ओट्यावर येते. मी निवृत्त शिक्षिका. समोर कुणी पुस्तक उघडून बसलं की मला बरं वाटतं. परवा ती मोठ्यानं वाचत होती. राज्यपाल. अनुच्छेद 153, प्रत्येक राज्याला एक. 155, नेमणूक राष्ट्रपतींकडून. 156, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर. 157, पात्रता : भारताचा नागरिक, वयाची 35 वर्षं पूर्ण.

मग थांबली. “बाई, एवढंच? मला तलाठी व्हायला पदवी लागते, कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागतं, दोनशे मार्कांचा पेपर द्यावा लागतो.”

“एवढंच,” मी म्हटलं. “बाकीची पात्रता पुस्तकात नसते.”

“मग कुठे असते?”

त्या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. उत्तर शोधायला मुंबईच्या राजभवनापर्यंत जावं लागलं नाही, कल्याणला जाऊन भागलं. आमच्या मोहन्यापासून ते आहेच किती लांब! आंबिवलीला गाडीत बसलं की शहाड, मग कल्याण.

“प्राध्यापक राम कापसे हे नाव ऐकलंस?” मी तिला विचारलं. नव्हतं ऐकलं. ते अंदमानला गेले तेव्हा ही जेमतेम रांगत असेल. “आपल्या कल्याणचे. अंदमान-निकोबारचे राज्यपाल होते.”

“नायब राज्यपाल, बाई,” तिनं लगेच दुरुस्त केलं. “केंद्रशासित प्रदेश. अनुच्छेद 239.”

दुरुस्ती मान्य. पण ही दुरुस्ती साधी नाही, पुढे तिचं काम पडणार आहे.

मी कापसे सरांना कधी भेटले नाही. माझ्या वडिलांचं घर कल्याणला पारनाक्याजवळ. लग्न होऊन मोहन्याला आले तरी मतदारयादीतलं नाव बरीच वर्षं माहेरीच राहिलं. बदलायला वेळ मिळाला नाही असं मी सांगायची, खरं तर मतदानाच्या निमित्तानं माहेरी जेवायला जाता यायचं. त्यामुळे मतपत्रिकेवर त्यांचं नाव मी अनेकदा वाचलं. नावामागचं ‘प्रा.’ त्यांना शेवटपर्यंत चिकटलेलं होतं.

त्यांची कारकीर्द थोडक्यात सांगायची तर अशी. 1933 चा जन्म. 1978 मध्ये जनता पक्षाकडून कल्याणचे आमदार, पुढे भाजपकडून, 1989 पर्यंत विधानसभेत. 1989 आणि 1991 अशा दोन निवडणुकांत ठाण्याचे खासदार. तेव्हाचा ठाणे लोकसभा मतदारसंघ केवढा तरी होता. आज त्याचे तुकडे होऊन कल्याण वेगळं झालंय आणि आम्ही मोहनेकर भिवंडीच्या खासदाराला मत देतो.

1989 च्या निवडणुकीला मला ड्युटी लागली होती, म्हणून ती नीट आठवते. पत्र्याची मतपेटी, सील करायची लाख, मेणबत्ती, जांभळी शाई. अठराव्या वर्षी मत द्यायचा अधिकार लोकसभेला पहिल्यांदाच मिळाला होता. एक कोवळा मुलगा शिक्का हातात घेऊन मला विचारत होता, “बाई, खाली सही करायची का?” सही करू नकोस रे बाबा, मत बाद होईल, असं मी त्याला सांगितलं. त्या दिवशी रात्री पेट्या जमा करून घरी यायला साडेबारा वाजले. लोकांकडून एक एक मत मागणं आणि ते मोजून घेणं म्हणजे काय, हे ज्यानं त्या रात्री पेट्या वाहिल्यात त्याला समजावून सांगावं लागत नाही.

ठाण्याच्या या जागेला आणखी एक वळण होतं. कापसेंच्या आधी 1977 आणि 1980 मध्ये इथून रामभाऊ म्हाळगी निवडून गेले होते. आपण वर्षभरात काय केलं याचा छापील अहवाल मतदारांना देणारे म्हणून ते ओळखले जात. कोणी मागितला नव्हता, कायद्यात तसं कलम नव्हतं. ज्यानं निवडून दिलंय त्याला हिशेब द्यायचा, एवढीच समजूत. अशा माणसाची जागा पुढे ज्यांच्याकडे आली त्यांना मतदार त्याच मापानं मोजणार, हे उघड होतं.

1996 ला युतीच्या वाटपात ठाण्याची जागा शिवसेनेकडे गेली. दोनदा निवडून आलेल्या खासदाराची जागा. आनंद दिघे यांचा तो काळ, शिवसेनेचा जोर काय होता ते ठाणेकरांना सांगायला नको. प्रकाश परांजपे उभे राहिले आणि निवडून आले, नंतरही येतच राहिले. कापसे राज्यसभेवर गेले, तेही 1998 पर्यंत. म्हणजे मतदारांनी घरी बसवलं नव्हतं, पक्षाच्या हिशेबात जागा उरली नव्हती. कल्याणच्या यार्डात असे डबे पाहायला मिळतात. चाकं धडधाकट, रंग शाबूत, पण गाडीला जोडलेले नाहीत. सायडिंगला उभे.

आणि मग जानेवारी 2004 मध्ये, वाजपेयी सरकारच्या शेवटच्या महिन्यांत, त्यांची अंदमानला नेमणूक झाली. सत्तरी गाठलेला कार्यकर्ता, मान म्हणून दिलेलं पद. राज्यपालपदाबद्दल आपण जी तक्रार नेहमी करतो, की पक्ष जुन्या माणसांची सोय लावतात, ती तक्रार या नेमणुकीलाही तंतोतंत लागू होते. मीही तेव्हा घरात हेच म्हटलं होतं : चला, सरांची सोय झाली.

अकरा महिन्यांनी, 26 डिसेंबर 2004 ला सकाळी, समुद्र आला.

इथे त्या मुलीनं केलेली दुरुस्ती उपयोगी पडते. महाराष्ट्रासारख्या राज्यात राज्यपालानं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं असतं. अंदमानात विधानसभाच नाही, मुख्यमंत्री नाही, मंत्रिमंडळ नाही. तिथे नायब राज्यपाल हाच कारभार. फायली त्याच्याच टेबलावर येतात आणि संकटही. त्या दिवशी बेटांवर मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या घरात माणसं गेली. चाळीस हजारांहून जास्त लोक छावण्यांत आले. कार निकोबार पोर्ट ब्लेअरपासून पावणेतीनशे किलोमीटर दूर, तिथला हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त. धक्के मोडलेले, म्हणजे बोट लागायला जागा नाही. सैन्यदलं आणि मुलकी प्रशासन यांची एकत्र मदतयंत्रणा उभारावी लागली आणि पांढऱ्या गणवेशातल्या सलाम्या घ्यायच्या म्हणून गेलेल्या माणसाला ताडपत्री, तांदूळ, पिण्याचं पाणी यांचा हिशेब करावा लागला.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. तक्रारी झाल्या. मदत साचून राहते, बाहेरच्या संस्थांना निकोबारमध्ये जाऊ देत नाहीत, असं वर्तमानपत्रांत येत होतं. निकोबारी लोकांच्या मोठ्या एकत्र कुटुंबाला ‘तुहेत’ म्हणतात. नारळीच्या बागा आणि घरं त्या तुहेतची. सरकारी फॉर्मात मात्र कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. त्या दोन व्याख्यांमध्ये जे भांडण लागतं ते कोणी राज्यपाल एका सहीनं सोडवू शकत नाही.

ते मी थोडंसं डोळ्यांनी पाहिलं. 2006 च्या जानेवारीत कल्याणच्या एका ग्रुपबरोबर आम्ही दोघं अंदमानला गेलो होतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी. तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपुढे सगळे गप्प झाले, तसे आम्हीही झालो. पण मला त्याहून जास्त आठवतं ते वाटेतलं सिप्पीघाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, त्या पाण्यात उभी वाळकी झाडं आणि अर्धी बुडालेली घरं. मला वाटलं खाडी असेल. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, यहाँ धान का खेत था.” भूकंपात जमीनच खाली गेली होती. तेव्हा आलेलं समुद्राचं पाणी परत गेलंच नाही.

पुढे एका जागी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. आपद्ग्रस्तांसाठी बांधलेल्या. चहाला थांबलो तेव्हा मी एका भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. जानेवारी होता, दुपारचे बारा. मोहन्यात पत्र्याच्या घरांत माझे विद्यार्थी राहायचे. मे महिन्यात त्यांच्या घरी गेलं की आया ओल्या गोणपाटांनी पत्रा झाकत असायच्या. तेवढ्या एका स्पर्शानं मला तिथली सगळी तक्रार कळली. आणि हेही कळलं की हा पत्रा तापतो हे ज्याला शहाड-आंबिवलीच्या वस्त्यांत मतं मागत फिरून ठाऊक आहे, त्यानं त्या खुर्चीत असणं आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं असणं, यात फरक आहे. पत्रा दोघांच्या वेळी तापणारच, पण पहिल्याला निदान कोणी तो थंड असतो असं फाईलवर लिहून फसवू शकत नाही.

म्हणून ‘राज्यपाल राजकारणी नको, निवृत्त न्यायाधीश आणा, सनदी अधिकारी आणा’ ही मागणी मला पटत नाही. माणूस राजकारणातून आलाय यात दोष नाही. त्यानं कोणतं राजकारण केलंय, आणि मुख्य म्हणजे त्याला इथून पुढे कुठे जायचंय, हे पाहावं.

माझं म्हणणं एवढंच आहे : राज्यपालपद हे शेवटचं स्थानक असावं, जंक्शन असू नये.

आपल्याकडेच पाहा. वसंतदादा पाटील 1985 मध्ये राजस्थानचे राज्यपाल झाले आणि मुदत संपण्याआधीच, 1987 मध्ये, राजीनामा देऊन महाराष्ट्राच्या राजकारणात परतले. सुशीलकुमार शिंदे 2004 मध्ये मुख्यमंत्रिपदावरून आंध्र प्रदेशच्या राजभवनात गेले आणि जानेवारी 2006 मध्ये केंद्रात मंत्री झाले. श्रीनिवास पाटील 2018 पर्यंत सिक्कीमचे राज्यपाल होते, 2019 मध्ये साताऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. तमिळिसाई सौंदरराजन यांनी 2024 मध्ये तेलंगणाचं राजभवन सोडलं आणि थेट चेन्नईत लोकसभेचा अर्ज भरला. यातल्या कोणी पदावर असताना वाईट कारभार केला असं मी म्हणत नाही. सातारकरांनी तर पाटलांना पावसाळी हवेत भरभरून मतं दिली. पण खिशात परतीचं तिकीट असलेला माणूस गाडी सुटायची वेळ पाहत राहतो. उद्या ज्यांच्याकडे उमेदवारी मागायची त्यांचा फोन आज आला तर तो ‘राज्यघटनेत पाहून सांगतो’ असं म्हणेल का?

हा शोध माझा नाही. केंद्र-राज्य संबंधांसाठी 1983 मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगानं 1988 मध्ये हेच लिहून ठेवलंय : राज्यपाल राहिलेल्या माणसानं नंतर लाभाचं पद घेऊ नये, फार तर पुन्हा राज्यपाल व्हावं किंवा राष्ट्रपती-उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवावी, आणि सक्रिय पक्षीय राजकारणात परतू नये. पुढे पुंछी आयोगानं 2010 मध्ये पाच वर्षांची पक्की मुदत सुचवली. दोन्ही अहवाल दोन्ही बाजूंच्या सरकारांनी वाचले आणि दोघांनीही सारख्याच काळजीनं कपाटात ठेवले.

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या भगतसिंह कोश्यारींचं काय? त्यांनी तर मुंबई सोडल्यावर निवडणूक लढवली नाही. बरोबर आहे. 23 नोव्हेंबर 2019 ला पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आम्ही दूध तापवत होतो तेव्हा शपथविधी उरकला. विधान परिषदेच्या बारा जागांची यादी नोव्हेंबर 2020 पासून त्यांच्याकडे होती, ती पाठवणारं सरकार 2022 मध्ये गेलं तरी निर्णय झाला नव्हता. बहुमत चाचणीचा त्यांचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2023 ला चुकीचा ठरवला. आणि जुलै 2022 मध्ये मुंबई-ठाण्यातून गुजराती-राजस्थानी निघून गेले तर इथे पैसाच उरणार नाही, अशा अर्थाचं ते जाहीर बोलले. नंतर माफी मागितली. पण आमच्या ठाण्याचं नाव त्यात होतं म्हणून मला ते झोंबलं. मोहन्याचा एनआरसी कारखाना कोणी चालवला ते मी रोज पाहत होते. पाळीचा भोंगा झाला की मराठवाड्याचे, आंध्रचे, उत्तर प्रदेशचे, इथल्याच आगरी-कोळी घरांतले कामगार डबे घेऊन फाटकातून आत जायचे. तो भोंगा 2009 पासून गप्प आहे. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे आम्हाला राजभवनातून ऐकायची गरज नव्हती.

तर कोश्यारी हे माझ्या उपायाला मोठंच छिद्र आहे, हे मान्य करते. ते स्वतः उत्तराखंडचे मुख्यमंत्री होते, लोकसभा-राज्यसभा दोन्ही पाहिलेली. मतं मागून आलेला माणूस, परतीचं तिकीटही वापरलं नाही, तरी हे झालं. याचं कारण शेजारच्या मुलीच्या पुस्तकातच आहे, अनुच्छेद 156. मर्जी असेपर्यंत. पुढची आशा काढून घेतली तरी मागची भीती राहते, आणि भीती नसली तरी निष्ठा राहते. म्हणून दोन्ही गोष्टी बरोबर हव्यात : परत राजकारणात येता येणार नाही, आणि पाच वर्षं कोणी उठवूही शकणार नाही. उठवायचंच असेल तर संसदेत कारण सांगा.

तो उठवण्याचा खेळही कापसेंच्याच काळात झाला. मे 2004 मध्ये केंद्रातलं सरकार बदललं आणि जुलैमध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा अशा चार राज्यांचे राज्यपाल एका फटक्यात हटवले गेले. ते प्रकरण न्यायालयात गेलं. 2010 मध्ये घटनापीठानं सांगितलं की केवळ विचार जुळत नाहीत किंवा सरकार बदललं म्हणून राज्यपालाला काढता येणार नाही. कापसे त्या यादीत नव्हते. म्हणजे एका पक्षाचं आयुष्यभर काम केलेला माणूस दुसऱ्या पक्षाच्या केंद्र सरकारखाली त्या बेटांवर बसला होता.

आणि 2004 च्याच ऑगस्टमध्ये सेल्युलर जेलचा वाद पेटला. तिथल्या स्वातंत्र्यज्योतीवरची सावरकरांच्या वचनाची पाटी नवे पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांनी काढायला लावली. ती ज्योत उभारली गेली ती आधीचे पेट्रोलियम मंत्री राम नाईक यांच्या पुढाकारानं. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या प्रश्नांवर आयुष्य काढलेला माणूस, पुढे स्वतः 2014 ते 2019 उत्तर प्रदेशचा राज्यपाल. महाराष्ट्रात पेटून उठलेली आंदोलनं, संसदेत गोंधळ, आणि ज्या गावात ती पाटी होती त्या गावातल्या राजनिवासात कल्याणचा, सावरकरांना मानणाऱ्या पक्षाचा माणूस. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक नाही. पण राज्यपालपद म्हणजे काय हे शिकवायला मला याहून चांगला धडा सापडत नाही. खुर्चीवर बसल्यावर आपल्या मनातलं सगळ्यात जवळचं भांडणही आपलं उरत नाही. मोर्चात जाता येत नाही, पत्रक काढता येत नाही. पुढच्या डिसेंबरात समुद्र येणार असतो, आणि तेव्हा दिल्लीतल्या ज्या सरकारशी आपलं मूळचं जमत नाही त्याच सरकारकडे होड्या, औषधं आणि पैसे मागायचे असतात.

2006 च्या मेअखेर कापसे अंदमानातून परत आले. त्यानंतर त्यांनी निवडणूक लढवली नाही. 2015 च्या सप्टेंबरात ते गेले, तेव्हा आमच्या ओळखीतले बरेच जण कल्याणला जाऊन आले. त्यात काही जण आयुष्यभर त्यांच्या विरुद्ध मत देणारे होते.

राज्यपालपदाची शिफारस करणाऱ्यांनी एवढंच पाहावं असं मला वाटतं. मुदत संपल्यावर हा माणूस कुठे उतरणार? दिल्लीला मंत्रालयाच्या दारात, पक्षाच्या कचेरीत, की स्वतःच्या गावच्या स्टेशनवर, जिथे लोक त्याला नावानं ओळखतात आणि तोंडावर विचारू शकतात की काय केलंत तिथे? म्हाळगींचा छापील अहवाल कोणाला आठवत नसेल, पण कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेल्यावर जो हिशेब द्यावा लागतो तो त्याहून कडक असतो.

हे सगळं मी ओट्यावर सांगितलं. मुलीनं पूर्ण ऐकलं, मधूनमधून मोबाईल पाहिला, मग पेन उघडून विचारलं, “बाई, मग राज्यपालाची पात्रता काय लिहू?”

“भारताचा नागरिक आणि 35 वर्षं पूर्ण,” मी म्हटलं. “मार्क त्याचेच मिळतात.”